चिनी ड्रॅगन, इराणी लाद्या आणि बाबांची कंपनी

ऑक्टोबरचा लाँग वीकएंड आला की न्यू जर्सीतली निम्मी मराठी मंडळी पानं लाल झाली का ते बघायला उत्तरेकडे पळतात. आम्ही या वर्षी गाडी दक्षिणेला काढली, आणि तीही सातशे वर्षांपूर्वीच्या इराणी लाद्या बघायला. मैत्रिणींना सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, "किचन रिनोव्हेट करताय का?"

किचन आहे तसंच आहे. हे खूळ माझ्या मुलीचं, ताराचं. ती सतरा वर्षांची, बारावीत, आणि यंदा तिनं शाळेत कलेचा इतिहास हा विषय घेतलाय. एखादी अशी वस्तू निवडायची, जी घडली एका देशात पण जिच्यावर छाप दुसऱ्या देशाची आहे, ती प्रत्यक्ष जाऊन बघायची आणि तिच्यावर लिहायचं, असा प्रोजेक्ट होता. तिनं निवडल्या मध्ययुगीन इराणमधल्या नक्षीच्या टाइल्स, ज्यांच्यावर चक्क चिनी ड्रॅगन आहेत. फिलाडेल्फियात काही आहेत, वॉशिंग्टनमध्ये आहेत, दोन्ही शहरं आमच्या पिस्कॅटवेहून गाडीनं जाण्यासारखी. नवऱ्याला त्या आठवड्यात ऑन-कॉल होतं. म्हणून मी, तारा आणि माझे बाबा असे तिघं निघालो.

बाबा नागपूरचे. आई गेल्यानंतर ऑगस्टमध्ये मी त्यांना पहिल्यांदाच इकडे आणलं. आल्यापासून ते खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणारी कुत्री आणि त्यांचे मालक मोजत होते. टाइल्स बघायला जायचंय म्हटल्यावर मात्र ताठ बसले आणि म्हणाले, "कोणत्या मालाच्या?"

इथं एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझ्या बाबांनी नागपुरात चाळीस वर्षं लाद्या बसवल्या. मिस्त्रीकाम. त्यांच्या गुडघ्यांवर मी बी.एस्सी., एम.एस्सी. झाले, औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागले आणि इथं आले. आणि हे माझ्या मुलीला ठाऊक नव्हतं.

असं कसं होतं, तर थोडं थोडं करून होतं. मी नवीन आले तेव्हा एका जेवणाला एका काकूंनी आधी माझं आडनाव विचारलं, मग जरा थांबून "वडील काय करतात गं?" असं विचारलं. त्या थांबण्याचा अर्थ मला लहानपणापासून कळतो. मी म्हटलं, कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत. शेजारचे काका म्हणाले, "म्हणजे बिल्डर!" मी नाही म्हटलं नाही. मी बुद्धविहारात दर रविवारी जाणारी, बाबासाहेबांच्या जयंतीला माईकवर बोलणारी बाई, आणि मी नाही म्हटलं नाही. पुढे कोणी विचारलं की "स्वतःचं काम होतं" असं सांगू लागले, त्याची दोनेक वर्षांत कंपनी झाली. तारा त्या कंपनीसकट मोठी झाली. तिला मराठी जेमतेम कळतं, बाबांचं इंग्रजी साइटवर ऐकलेलं, चार-दोन शब्दांचं. दोघांमधली दुभाषी मीच. त्यामुळे कंपनीला कधी धोका झाला नाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात ताराच्या कॉलेज अर्जाचा निबंध माझ्या हातात आला. विषय, तुला घडवणारी व्यक्ती. पहिलंच वाक्य होतं, शून्यातून बांधकाम कंपनी उभारणारे माझे आजोबा. निबंध नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाठवायचा होता. मी तो वाचला, "छान आहे" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. या तीन दिवसांत कधीतरी तारापाशी खरं बोलायचं, बाबांच्या कानावर ती कंपनी जायच्या आत, असं ठरवून मी गाडीत बसले.

शनिवारी सकाळी सातला निघालो. तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, बाबांच्या चहाचा थर्मास. टर्नपाइकचा टोलरस्ता रिकामा होता, सव्वा तासात फिलाडेल्फिया. गाडीत बाबांची कळी खुलली होती. सीताबर्डीच्या एका कापडदुकानात त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं लादी बसवली, तेव्हा शेठनं बूट काढून अनवाणी चालून पाहिलं, एकही कड पायाला लागली नाही म्हणून चिवडा मागवला, ही गोष्ट ते रंगवून सांगत होते.

"व्हॉट्स ही सेइंग?" तारानं मागून विचारलं.

"एका जुन्या प्रोजेक्टबद्दल बोलतायत," मी इंग्रजीत सांगितलं. बाबांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, गोष्ट पोचली म्हणून. मला माझीच शरम वाटली, पण गाडी चालवत होते, तेवढंच निमित्त पुरलं.

फिलाडेल्फियाचं संग्रहालय टेकडीवर आहे. लवकर पोचलात तर गाडी खालच्या रस्त्यावर लावता येते, आम्ही घाबरून गॅरेजमध्ये लावली आणि पुढे पन्नास पावलांवर मोकळी जागा दिसली. तिकीट ज्येष्ठांना कमी, ताराच्या वयाच्या मुलांना नाहीच. लाद्यांचं दालन आत, जरा आडबाजूला. एका भिंतीवर आठ टोकांच्या चांदण्या आणि त्यांच्यामधल्या जागेत बसणारे क्रॉस, एकात एक अडकवलेले. काही फिरोजी, काही गडद निळे, काहींवर सोनेरी तपकिरी झाक. चांदण्यांच्या कडेनं बारीक अक्षरांच्या ओळी. आणि मधोमध ससे, हरणं, झाडं, आणि एका निळ्या लादीवर वळवळता, चार पायांचा, मिशाळ ड्रॅगन.

तारानं वहीतून वाचून समजावलं. तेराव्या शतकात मंगोलांनी इराण जिंकलं. त्यांचंच राज्य चीनमध्येही. मग रेशीम, भांडी, चित्रं इकडून तिकडे वाहू लागली आणि इराणी कुंभारांनी चीनचा ड्रॅगन, लांब शेपटीचा फिनिक्स, वळणावळणाचे ढग आपल्या लाद्यांवर घेतले. त्याच्याही आधी चीनची पांढरी शुभ्र भांडी इराणात यायची. तसली माती इराणात नव्हती. तिथल्या कुंभारांनी गारगोटी दळली, त्यात काच आणि थोडी माती घातली आणि आपला पांढरा माल तयार केला.

हे मी बाबांना नीट, जसंच्या तसं सांगितलं. ते खूश झाले.

"गोटा दळला! माल नाई भेटला तं आपला बनवला. असाच पाहिजे माणूस."

मग बाबांनी जे केलं, ते या लेखातलं सर्वात उपयोगी आहे, लिहून ठेवा. ते त्या भिंतीसमोरून बाजूला सरकले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि गाल जवळजवळ भिंतीला लावून, दिव्याच्या दिशेनं तिरपं पाहू लागले. बसवलेली लादी मिस्त्री अशीच बघतो, उंचसखल असेल तर तिरप्या उजेडात लगेच कळतं.

"सर, प्लीज स्टेप बॅक," गार्ड म्हणाला.

"पाह्य ना पोरी," बाबा ताराला म्हणाले, "इकडून पाह्य. सरळ उभं राहून नाई दिसत."

तारा वाकली आणि "ओ माय गॉड" म्हणाली. मीही वाकले. समोरून मळकट तपकिरी दिसणाऱ्या त्या लाद्या बाजूनं नुसत्या सोन्यासारख्या झळकत होत्या. ती झिलई धातूची असते, दुसऱ्यांदा भट्टीत घालून चढवलेली, हे तारानं नंतर वाचून सांगितलं. गार्ड तरुण होता, आम्ही सरकल्यावर तोही हळूच वाकून बघून गेला. बाबांचा हात मात्र वर गेला होता, बोटाचं पेर वाकवून. लादीवर टकटक केलं की खाली पोकळ आहे का ते आवाजावरून कळतं. सातशे वर्षांच्या लादीवर बाबा टकटक करणार, तेवढ्यात तारानं तो हात पकडला. बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

तिथल्या पायऱ्यांवर पुऱ्या खाल्ल्या आणि बाल्टिमोर धरलं. वाटेत डेलावेअर नावाचं राज्य लागतं, टोल भरेपर्यंत संपतं. बाल्टिमोरला खेकडे खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. टेबलावर कागद अंथरतात, त्यावर मसाला थापलेले वाफाळते खेकडे ओततात आणि प्रत्येकाच्या हातात एक लाकडी हातोडी देतात. किमतीच्या जागी मेनूत 'बाजारभाव' लिहिलेलं असतं, आधी विचारून घ्या, आम्हाला डझनाचा आकडा ऐकून घाम फुटला. पण बाबांनी हातोडी हातात घेतली आणि दोन ठोक्यांत, मांसाला धक्का न लावता, पाठ अलगद उघडली. शेजारच्या टेबलावरची माणसं बघत राहिली. "हाऊ इज ही सो गुड?" ताराचा प्रश्न. मी तोंडात खेकडा कोंबला.

हॉटेल हायवेलगतचं, दीडशे डॉलरच्या आतलं, नाश्त्यासकट. बाबा अंघोळीला गेले आणि आतून टक, टक, टक असा आवाज येऊ लागला. बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं की नळाखालच्या चार टाइल्स पोकळ आहेत, वर्षभरात पडतील.

"काय करत होते?" ताराला हसू आवरेना.

"क्वालिटी चेक," मी म्हटलं.

"लाइक यू!" ती म्हणाली.

तेव्हा बोलायला हवं होतं. ती पलंगावर मांडी घालून बसली होती, मूड छान होता, बाबा टॉवेल वाळत घालत होते. जीभ उचललीच नाही. उद्या, असं म्हणून मी दिवा मालवला.

रविवारी वॉशिंग्टन. शहरात गाडी नेऊ नका. आम्ही बाहेरच्या मेट्रो स्टेशनवर लावली, रविवार असल्यानं पार्किंगचे पैसे पडले नाहीत. संग्रहालय फुकट, फक्त पिशव्या तपासतात. बाबांना सगळ्यात आश्चर्य याचंच वाटलं. "एवढ्या भारी वस्तू आणि तिकीट नाई?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं.

इथल्या दालनात लाद्या कमी, पण एकेक बघत राहावी अशी. एका फिरोजी लादीवर मधोमध कमळ होतं. पाकळ्या टोकदार, एकावर एक. बाबा थांबले. त्यांनी हात जोडले नाहीत, पण टोपी काढली.

"हे तं आपलं आहे."

ताराला यातला 'आपलं' हा शब्द कळला. मग तिनं समजावलं आणि मी सांगत गेले. हे कमळ मुळात भारतातून, बुद्धाच्या धम्माबरोबर चीनमध्ये गेलं. चीनमधून मंगोलांबरोबर इराणात आलं. तिथं ज्यांनी ते लादीवर काढलं, त्यांच्यासाठी ते फक्त एक सुंदर परदेशी फूल होतं.

"लय फिरून आलं," बाबा म्हणाले. "मंग ही लादी चीनची म्हणायची का इराणची?"

मी विचारल्यावर तारा म्हणाली, हाच तर तिच्या प्रोजेक्टचा प्रश्न आहे.

"काय प्रश्न आहे त्यात? ज्यानं भाजली त्याची."

तारानं हे वहीत लिहून घेतलं, खाली 'आजोबा' असं देवनागरीत. तिला तेवढं येतं. मग ती पुढच्या पाटीवर वाकली आणि जोरात वाचू लागली. ही झळाळीची लादी बनवणाऱ्यानं तिच्यावर सही केली होती. स्वतःचं नाव, त्यापुढे बापाचं, त्यापुढे आजाचं. चार पिढ्या एकाच कामात होत्या म्हणे.

हे मी बाबांना सांगितलं.

"बाप बी लाद्याच बनवत होता?"

"हो."

"मंग टाकनच ना नाव," बाबा म्हणाले. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

तिथं पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, लोकांना माहिती सांगणाऱ्या स्वयंसेवक. त्या बराच वेळ बाबांकडे बघत होत्या. बाबांचं ते तिरपं वाकणं, सांध्यांवरून हवेतल्या हवेत बोट फिरवणं. जवळ येऊन त्यांनी मला प्रेमानं विचारलं की तुमचे वडील हे फार वेगळ्या नजरेनं बघतायत, ते काय करायचे?

एवढं सगळं वाचून, ऐकून, ठरवून माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं? "ही वॉज इन कन्स्ट्रक्शन."

आणि तारानं अभिमानानं भर घातली, "ही हॅड हिज ओन कंपनी."

कंपनी हा शब्द बाबांना कळतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताराकडे, मग त्या बाईंकडे.

"नो कंपनी," बाबा म्हणाले. "टाइल मिस्त्री. आय पुट टाइल. फॉर्टी इयर." आणि दोन्ही हात पुढे केले, पालथे, मग उताणे. सिमेंटनं खाऊन टाकलेल्या बोटांवर ठसे जवळजवळ उरलेले नाहीत. विमानतळावर मशीननं ते घेतले नव्हते, तेव्हा मी अधिकाऱ्याला वय झालंय म्हणून सांगितलं होतं.

त्या बाईंनी ते हात आपल्या हातात घेतले. "देन यू नो मोर दॅन आय डू," त्या म्हणाल्या. हे वाक्य बाबांना सांगायचं माझं काम होतं. मला जमलं नाही.

तारानं तिथं आवाज चढवला नाही. बाहेर पडल्यावर तिनं विचारलं, "मॉम, व्हॉट इज मिस्त्री?" मी सांगितलं. ती चालत राहिली, मग थांबली. "देन हू डिड आय राइट अबाउट?" तिचे डोळे भरले होते. "यू मेड मी लाय. अबाउट हिम. अँड ही वॉज राइट देअर." आणि ती फूड ट्रकच्या रांगेत जाऊन उभी राहिली, भूक नसताना, आमच्याकडे पाठ करून.

संग्रहालयांच्या मधल्या मोठ्या हिरवळीच्या कडेला बाक आहेत. बाबा एकावर बसले. मीही बसले, मध्ये जागा ठेवून. समोर लोक पतंग उडवत होते.

"काय नाव होतं माह्या कंपनीचं?" बाबांनी विचारलं.

मी पतंगांकडे बघू लागले.

"सांग तं खरं. किती माणसं होती? गाडी होती का कंपनीची?"

ते थट्टा करत होते आणि मला रडू फुटलं. बाबांनी लहानपणी मला कधी मारलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. मी सगळं सांगितलं. त्या काकू, ते थांबणं, तो बिल्डर, मग ताराचा निबंध. बाबांनी ऐकून घेतलं. थर्मासातला उरलेला गार चहा झाकणात ओतून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"तू इथं आली तं मी सगळ्या मोहल्ल्यात सांगितलं, माही पोरगी अमेरिकेत सायंटिस्ट आहे. तू तेव्हा काय करत होती?"

"लॅबमधल्या बाटल्या धूत होते."

"मले माहीत होतं. तुही आई बोलली होती. तरी सांगितलं." त्यांनी थर्मास बंद केला. "मी वाढवून सांगितलं ते तुही लाज वाटत होती म्हणून नाई, बाई. फरक आहे."

एवढंच बोलले. मी माफी मागितली, तर "हाव" म्हणाले. ते हाव म्हणजे माफ केलं असं नव्हतं, ऐकलं असं होतं. बाप म्हणून त्यांनी लगेच सोडून दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते बरं वाटणं मला मिळायला नको होतं, हेही तितकंच खरं.

तारा तीन सामोसे घेऊन आली. एक आजोबांना दिला, एक स्वतः घेतला, तिसरा बाकावर माझ्या बाजूला ठेवला, हातात दिला नाही.

सोमवारी परत निघालो. गर्दी टाळायची असेल तर सकाळी आठच्या आत वॉशिंग्टनचा परिसर सोडा. तारा मागे आजोबांशेजारी बसली. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये ती इंग्रजीत बोलायची, फोन काहीतरी विनोदी मराठी बोलायचा, बाबा हसायचे आणि उत्तर द्यायचे. फोनला नागपुरी अजिबात कळत नव्हतं. एकदा मी मदत करायला गेले, तर तारा म्हणाली, "मॉम, तू नको. मी करते." दुभाष्याची माझी नोकरी डेलावेअरच्या पुलावर गेली. आरशात दिसत होतं, बाबा तिच्या वहीच्या पानावर बोटानं आखून दाखवत होते, खोलीच्या मध्यातून दोरी कशी धरतात, काटकोन कसा बघतात, कापलेली लादी कोपऱ्यात दाराआड का जाते. ती लिहीत होती. शेठच्या चिवड्याची गोष्टही या वेळी पूर्ण पोचली असावी, कारण ती अचानक ओरडली, "ही वॉक्ड बेअरफूट?"

ज्यांना ही सहल करायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीन दिवस भरपूर होतात, दोनही चालतील. तिघांचा खर्च पेट्रोल, टोल, दोन रात्रींचं हॉटेल आणि खेकडे धरून आटोक्यात राहतो, खेकडे वगळले तर फारच. जाण्याआधी संग्रहालयाच्या साइटवर बघून घ्या, दालनं अधूनमधून बंद असतात आणि वस्तूही बदलत राहतात. लादीकडे समोरून बघू नका. एक गोष्ट मनाला लागते तीही सांगते. यातल्या पुष्कळ लाद्या दर्गे आणि महाल यांच्या भिंतींवरून उचकटून विकल्या गेल्या, म्हणून एकाच भिंतीच्या चांदण्या आज वेगवेगळ्या देशांत टांगलेल्या आहेत. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी विकणाऱ्यांपेक्षा उचकटणाऱ्याची आधी चौकशी केली. एकही टवका न उडवता काढल्या म्हणजे तोही मिस्त्रीच असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर तारा माझ्याशी चार दिवस कामापुरतं बोलली. तिनं निबंध पुसून पुन्हा लिहिला. मला दाखवला नाही. बाबांना खुर्चीत बसवून तिनं तो वाचून दाखवला, एक वाक्य इंग्रजीत, मग तेच तिच्या तुटक्या मराठीत. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत उभी होते. "माझे आजोबा लादी बसवतात. माझ्या आईने सांगितले नाही. मी विचारले पण नाही." शेवटचं वाक्य मला अपेक्षित नव्हतं. चूक सगळी माझी होती आणि पोरीनं अर्धी स्वतःकडे घेतली. कांदाही नव्हता, भेंडी होती, पण चिरायची थांबवावी लागली.

या सहलीतून घरी काय आणलं असं विचाराल, तर फोनमध्ये दोनशे फोटो आहेत आणि त्यातल्या एकातही ती सोन्याची झळाळी आलेली नाही. ती फक्त डोळ्यांना दिसते. नक्षी परकी असली तरी ज्यांनी ती घेतली त्यांनी ती उजळ माथ्यानं घेतली, भाजली, वर बापाचं नाव घातलं. मी परक्या देशात येऊन इथलं सगळं घेतलं आणि बापाचं काम तेवढं झाकून ठेवलं. हे लिहायला मला तीन आठवडे लागले. इथं वाचणाऱ्यांपैकी काहीजण मला ओळखतात आणि कंपनीबद्दल ऐकून आहेत. त्यांच्यासाठी म्हणूनच लिहिलंय.

मागच्या शनिवारी एडिसनला एका मित्राकडे दिवाळीच्या फराळाला गेलो होतो. वीसेक माणसं, सगळी आपली, पुण्याची, मुंबईची, नागपूरची. बाबांना सोफ्याच्या मधोमध बसवलेलं. कोणीतरी चकलीची थाळी पुढे करत विचारलं, "काका, तुम्ही नागपूरला काय करायचात?"

बाबांनी चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघत सावकाश चावत राहिले. तारानं फोन खाली ठेवला.

"मिस्त्री होते," मी म्हणाले. "लाद्या बसवायचे. चाळीस वर्षं."

"हेड मिस्त्री," बाबांनी दुरुस्ती केली, आणि आणखी एक चकली घेतली.